विहाराच्या कपाटात काय असावे? तत्त्वज्ञान, रुग्णसेवा आणि वंशावळ यांवरील ग्रंथ

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की हदगाव तालुक्यातल्या गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. संध्याकाळी वंदना होते, मग एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. आश्विन पौर्णिमेला समारोप झाला की ग्रंथ पांढऱ्या कापडात बांधून कपाटात जातो, तो पुढच्या आषाढापर्यंत. मधल्या नऊ महिन्यांत आपली तरुण मुले वाचत नाहीत असे नाही. ती मोबाईलवर आलेले वाचतात, जयंतीचे भाषण तयार करण्यासाठी वाचतात आणि स्पर्धा परीक्षेसाठी तर रात्ररात्र वाचतात. पण तहसीलमध्ये वंशावळीचा कागद मागितला जातो, नांदेडच्या दवाखान्यात नातेवाइकाच्या सह्या घेतल्या जातात किंवा चहाच्या टपरीवर कोणी 'तुमचा धर्म कालचा' म्हणून टोमणा मारतो, तेव्हा कोणते पुस्तक उघडायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. या तिन्ही प्रसंगांना उपयोगी पडतील अशा ग्रंथांची ही ओळख आहे.

आधी मूळ ग्रंथ, पण प्रस्तावनेसह

'द बुद्ध अँड हिज धम्म' बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेत तो ११ वा खंड आहे. विहारात वाचन बहुधा सिद्धार्थ गोतमाच्या जन्मापासून सुरू होते आणि प्रस्तावना वगळली जाते. माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. त्या छोट्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार अडचणी मांडल्या आहेत: सिद्धार्थाने घर का सोडले, चार आर्यसत्ये मूळ शिकवणीचा भाग आहेत का, आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म यांचे काय, आणि भिक्खू कशासाठी. या प्रश्नांना नेहमीची उत्तरे पुरत नाहीत असे ते म्हणतात आणि पुढचा सगळा ग्रंथ त्या प्रश्नांच्या मागे लागून लिहितात. ज्याने प्रस्तावना वाचली नाही त्याला हा ग्रंथ पोथीसारखा वाटतो. ज्याने वाचली त्याला कळते की एक अभ्यासक अडीच हजार वर्षांच्या परंपरेची उलटतपासणी घेतो आहे.

याच ग्रंथात बुद्धवचन कसे ओळखावे याची कसोटीही दिलेली आहे. जे विवेकाला आणि तर्काला धरून आहे ते बुद्धाचे मानायला हरकत नाही. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही त्या चर्चेत बुद्ध पडत नसत. आणि काही गोष्टींबद्दल त्यांनी निश्चित मत दिले, काहींबद्दल ते तात्पुरते ठेवले. ही कसोटी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे, कारण ती आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक फॉरवर्डलाही लावता येते.

सोबत काय वाचावे? कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी १८९८ साली लिहिलेले बुद्धचरित्र, जे मॅट्रिक झालेल्या भीमरावांना भेट मिळाले होते. पी. लक्ष्मी नरसू यांचे 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम', जे १९०७ साली निघाले आणि ज्याच्या १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. आणि गोव्याच्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी यांचे 'भगवान बुद्ध'. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा कोसंबींनी पाली साहित्याच्या आधारे तपासून बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे त्यांनी लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या ग्रंथात गृहत्यागाचे कारण म्हणून हाच तंटा विस्ताराने येतो. पैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला पाण्यावरून गावे एकमेकांवर उठतात हे समजावून सांगावे लागत नाही.

'मिलिंद पन्ह' हा ग्रंथ मराठवाड्याने तरी परका मानू नये. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला जे महाविद्यालय काढले त्याला पुढे याच राजा मिलिंदाचे नाव मिळाले. निजामाच्या राजवटीत ज्यांच्या घरी शाळेचे तोंड कोणी पाहिले नव्हते, अशा मुलांची पहिली पिढी तिथे शिकली. ग्रीक राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तर देतो. राजा आला तो रथ म्हणजे नेमके काय, चाक की आस की जू, असा प्रतिप्रश्न करून नागसेन 'मी' नावाची वेगळी वस्तू नाही हे पटवतो. एका दिव्याने दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून दुसऱ्यात काय गेले, हा दाखलाही तिथलाच. वंश आणि रक्त यांच्याबद्दल पुढे जे म्हणायचे आहे त्याला हा दिवा उपयोगी पडेल.

वंशावळ: विचारणारे कोण आणि कशासाठी

आपल्याकडे 'वंशावळ' हा शब्द आता पुस्तकात कमी आणि सेतू केंद्रात जास्त ऐकू येतो. जात प्रमाणपत्र आणि पडताळणीसाठी वंशावळीचे शपथपत्र लागते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. बौद्ध धर्मांतरितांसाठी 'नमुना ७' असतो. केंद्राने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली केला, म्हणजे धर्मांतरानंतर तब्बल ३४ वर्षांनी. राज्यातल्या कायद्यानुसार पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. हदगाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे जुनी नोंद सापडली तरी ती उर्दूत असू शकते, आणि ज्याच्या पणजोबाला शाळेतच घेतले नाही त्याने शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा आणायचा कुठून? ज्या जातीतून आपण बाहेर पडलो तिचाच वंशवृक्ष सिद्ध केल्याशिवाय त्या जातीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. हे कोडे आहे. पण ते कोडे आहे म्हणून कागद करायचा टाळू नये. वेळेत करावा.

हा कागद करताना एक गोष्ट लक्षात येते. झाड सगळे वडिलांकडून खाली येते. आई त्यात नसते. अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धाने नेमका इथेच बोट ठेवला होता. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात जन्माने आपण श्रेष्ठ असे म्हणणाऱ्या तरुण ब्राह्मणाला बुद्ध एक जुनी गोष्ट सांगतात. असित देवल नावाचा ऋषी ब्राह्मणांना विचारतो: तुमची आई, तिची आई, अशा सात पिढ्या फक्त ब्राह्मणांकडेच गेल्या हे तुम्हाला ठाऊक आहे का? वडिलांच्या बाजूचे तरी? प्रत्येक प्रश्नाला उत्तर येते, नाही. मग तुम्ही कोण आहात हे तरी तुम्हाला कळते का? यालाही उत्तर नाहीच.

दीघ निकायातील अंबट्ठ सुत्त त्याहून धारदार आहे. अंबट्ठ शाक्यांना हलके म्हणतो. बुद्ध त्याच्याच गोत्राची वंशावळ काढतात आणि त्याचा मूळ पुरुष कण्ह हा ओक्काक राजाच्या दासीचा मुलगा होता हे त्याच्याकडून कबूल करून घेतात. इथपर्यंतची गोष्ट आपले वक्ते रंगवून सांगतात. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. सोबतचे विद्यार्थी अंबट्ठाला 'दासीपुत्राच्या वंशातला' म्हणून हिणवू लागतात, तेव्हा बुद्ध त्यांना थांबवतात. कण्ह मोठा ऋषी झाला, त्याला कमी लेखू नका, असे सांगतात. म्हणजे वंशावळ उलटवून समोरच्याला गप्प करणे एवढेच काम बुद्धाने केले, तिने कोणालाही खाली पाडणे नाही. ज्याला वंशाचा अहंकार सुटत नाही तो विद्या आणि आचरण यांपासून दूरच राहतो, हा त्या सुत्ताचा गाभा आहे.

बाबासाहेबांची दोन पुस्तके या परंपरेत वाचावीत. १९४६ चे 'शूद्र पूर्वी कोण होते?' महात्मा फुले यांना अर्पण केले आहे. १९४८ चे 'अस्पृश्य मूळचे कोण?' नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना. दोन्ही शासकीय मालिकेच्या ७ व्या खंडात आहेत. पहिल्या पुस्तकात १६७४ च्या राज्याभिषेकाची चर्चा आहे. उपनयनाचा आणि क्षत्रियत्वाचा निर्णय पुरोहितांच्या हातात कसा होता, सिसोदिया कुळाशी नाते जोडणारी वंशावळ पुढे आल्यावर तो निर्णय कसा फिरला, हे बाबासाहेबांनी दाखवले आहे. ज्या राजाने स्वराज्य उभे केले त्यालाही वंशाचा दाखला द्यावा लागला, इतकी त्या व्यवस्थेची पकड होती.

दुसऱ्या पुस्तकात पराभूत टोळ्यांतून विखुरलेली माणसे गावाबाहेर वस्ती करून राहिली, ती बौद्ध होती आणि गोमांस खात राहिली म्हणून त्यांना अस्पृश्य ठरवले गेले, असा सिद्धांत आहे. अस्पृश्यतेचा जन्म इ. स. ४०० च्या सुमारास झाला असे ते सुचवतात. पण या निष्कर्षापेक्षाही मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. त्या काळी गाजलेला वांशिक सिद्धांत त्यांनी नाकाची मापे घेऊन जमवलेल्या आकडेवारीवरूनच खोडून काढला: ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. आणि प्रस्तावनेत मोकळेपणाने कबूल केले की पुराव्याच्या साखळीत तुटलेले दुवे आहेत आणि तिथे इतिहासकाराला कल्पनाशक्तीची मदत घ्यावी लागते. आपला सिद्धांत कोणी चांगल्या पुराव्याने तपासावा याला त्यांची हरकत नव्हती.

म्हणून एक अप्रिय गोष्ट लिहितो. 'आपण नागवंशी, आपण मूळचे राजे, आपले रक्त शुद्ध' असे संदेश आपल्याच गटांत फिरतात. बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात नाग लोकांचा उल्लेख केला हे खरे. पण तो धम्माचा प्रसार करणारे लोक म्हणून केला. ज्या माणसाने मापे मोजून वंशाचा सिद्धांत मोडला, त्याच्या नावावर रक्ताची शुद्धता खपवायची असेल तर ७ वा खंड आधी वाचावा. अंबट्ठाचा आजार आपल्यालाही होऊ शकतो.

या कप्प्यात आणखी तीन पुस्तके हवीत. फुल्यांची १८७३ ची 'गुलामगिरी', विठ्ठल रामजी शिंदे यांचे १९३३ चे 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे १९८९ चे 'आम्हीही इतिहास घडवला'. शेवटच्या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती आहेत. शपथपत्राच्या झाडात ज्या नसतात त्या इथे भेटतात.

रुग्णाची सेवा

विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहातल्या सालवती नावाच्या गणिकेचे बाळ उकिरड्यावर टाकलेले होते. राजपुत्र अभयाने त्याला वाढवले. मोठा झाल्यावर मुलगा विचारतो, माझी आई कोण, बाप कोण? अभय सांगतो, आई मला माहीत नाही, पण मी तुला वाढवले म्हणून मी तुझा बाप. ज्याची वंशावळ उकिरड्यापाशी संपते तो मुलगा तक्षशिलेला जाऊन सात वर्षे वैद्यकी शिकतो आणि पुढे बुद्धाचा आणि संघाचा वैद्य होतो. बौद्ध परंपरेतल्या सर्वांत मोठ्या वैद्याचे कुळ ग्रंथकर्त्यांनी लपवले नाही, उलट तिथूनच कथा सुरू केली.

त्याच भागात पुढे आजारी भिक्खूची गोष्ट येते. हगवणीने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नाहीत, कारण त्याने कधी त्यांच्यासाठी काही केले नव्हते. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात आणि उचलून खाटेवर ठेवतात. मग संघाला बोलावून समज देतात: तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिच्यामागोमाग येणारा नियम मात्र नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलींनाही कोणी वाचून दाखवत नाही. सेवा करणाऱ्याच्या अंगी पाच गोष्टी हव्यात: औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र आणि ओकारी काढताना किळस वाटू नये, आणि रुग्णाला धीर देणारे बोलता यावे. रुग्णावरही जबाबदारी आहे. त्याने पथ्य पाळावे, औषध घ्यावे, आजार जसा आहे तसा खरा सांगावा. वैद्यकीय नीती म्हणून आज जे शिकवले जाते त्यातला मोठा भाग या यादीत आहे.

जो भाग नाही तो म्हणजे संमती आणि माहितीचा हक्क. त्यासाठी आधुनिक पुस्तकांकडे यावे लागते. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली आणि माणसावर प्रयोग करण्याआधी त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवी हे तत्त्व तिने लिखित केले. तरीही अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत गरीब कृष्णवर्णीय पुरुषांच्या उपदंशाचे केवळ निरीक्षण सुरू होते. औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर धाराशिव जिल्ह्याकडे पाहावे. १९९९ पासून तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात घेतल्या. तीन गटांना वेगवेगळ्या पद्धतीची तपासणी मिळाली. चौथ्या गटातल्या ३१ हजारांवर स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. त्यांच्यातल्या ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले, एचपीव्ही चाचणीने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले आणि जगभरच्या धोरणांना त्याचा उपयोग झाला. पण तपासणीने जीव वाचतात हे आधीच ठाऊक असताना एक गट तसाच ठेवणे योग्य होते का, त्या स्त्रियांना हे पुरते समजावले होते का, असे प्रश्न अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी उपस्थित केले. अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे असे की या देशात अशा तपासणीची सरकारी सोय मुळात नव्हतीच, त्यामुळे चौथ्या गटाला इतरांपेक्षा कमी काही मिळाले नाही. हा वाद मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नियतकालिकात वाचायला मिळतो. १९९३ साली सुरू झालेले हे नियतकालिक इंटरनेटवर मोफत आहे. माझे मत: सोय नसणे हे कारण असू शकते, समर्थन नाही. पण दोन्ही बाजू वाचूनच मत करावे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी बुडते, हे त्यामागचे एक कारण होते. संमतीच्या कागदावर अंगठा असतो, पण त्या अंगठ्यामागे मुकादमाची उचल असते. हे तत्त्वज्ञानाच्या कोणत्या पुस्तकात बसते ते तुम्ही ठरवा.

हदगावपासून नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ६०-७० किलोमीटरवर आहे आणि गरिबाला शेवटचा आधार तेच आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथे २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे, मनुष्यबळ आणि खाटा यांची चर्चा व्हायला हवी होती. ती झाली त्यापेक्षा जास्त गाजली ती हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी आदिवासी समाजातील अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावल्याची चित्रफीत. त्याबद्दल अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हाही नोंदला गेला. बुद्धाने घाण स्वतःच्या हाताने धुतली होती. इथे ती कोणाच्या हाताने धुवून घ्यायची हे ठरवले गेले.

अशा वेळी कार्यकर्त्याच्या हाती काय असावे? डॉ. अरुण गद्रे यांचे 'कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची' हे मराठी पुस्तक असावे. त्यात डॉक्टरच आपल्या व्यवसायातल्या गैरप्रकारांबद्दल बोलतात. २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता असावी, जिच्यानुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. आणि राज्याचे २०२१ चे सुधारित शुश्रूषागृह नियम असावेत, ज्यांनुसार खाजगी रुग्णालयात रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. पुढच्या वेळी कोणाला भरती कराल तेव्हा ती सनद भिंतीवर आहे का ते आधी पाहा.

एक वही

पुस्तके मिळवणे सोपे नाही. शासनाच्या मालिकेचे खंड अनेकदा संपलेले असतात. छपाई रखडल्याची बातमी आल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला त्याचीही दखल घ्यावी लागली. दीक्षाभूमीवर किंवा दाभडच्या बावरीनगर महाविहारातल्या धम्म परिषदेत पुस्तकांच्या स्टॉलवर जे मिळेल ते दोन-दोन प्रती घ्यावे, एक घरी आणि एक विहारात.

पण एक पुस्तक विकत मिळणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव झाल्यावर नांदेड जिल्ह्यात वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे आणि जनार्दन मवाडे यांचे प्राण गेले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. १९७८ साली जे वीस वर्षांचे होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. १९५६ ला नागपूरला जाऊन आलेले तर बोटावर मोजण्याइतकेच. कोणत्या गावातून कोण गेले, देव्हारा कोणी पहिल्यांदा काढला, येसकरकी कोणत्या घराने आधी सोडली, जळालेल्या घरातून काय वाचले, ही वंशावळ अजून कोणत्याही खंडात छापलेली नाही.

दोनशे पानी वही घ्या. नाव, गाव, वय, तारीख लिहा. आजीला आधी सांगा की हे कशासाठी लिहितो आहोत, कुठे छापू शकतो, आणि तिला नको असेल ते लिहिणार नाही. तिने हो म्हटल्यावरच मोबाईलचा रेकॉर्डर सुरू करा. लिहून झाले की तिला वाचून दाखवा आणि ती चूक सांगेल तिथे दुरुस्ती करा. आजोबांकडे जाल तेव्हा आजीलाही वेगळे विचारा.